मोटर गेलीय म्हणे!

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर माझी यथेच्छ टिंगल झाली. कारण काय, तर मी ओट्यावर उघड्या पडलेल्या मिक्सरचा फोटो टाकला. भावाने लगेच लिहिलं, "ताई, अगं नवीन घे ना. किती पैसे वाचवशील?" भाच्याने हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. वहिनीने सेलची जाहिरात पाठवली. एका मावसबहिणीने तेवढं काळजीने विचारलं, "शॉक बसला तर?" तिला तिथेच उत्तर दिलं. बाकीच्यांना ग्रुपवर उत्तर देत बसले असते तर त्या दिवशी कोणीच वेळेवर जेवलं नसतं. म्हणून इथे लिहितेय. सावकाश वाचा, आणि मग भांडायला या.

तर झालं असं. आमचा मिक्सर गेले दोन महिने नखरे करत होता. मधूनच चालायचा, मधूनच थांबायचा. बाजूला एक थापट मारली की पुन्हा सुरू. खालच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायच्या आणि फटाक्यासारखा वास यायचा. एका रविवारी आई ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत होती आणि तो जो गप्प झाला तो झालाच. तळाचं लाल बटण दाबून पाहिलं. (मोटर जास्त तापली की हे बटण आपोआप उडतं, थंड झाल्यावर दाबलं की मिक्सर पुन्हा चालतो. निम्म्या घरांत हे बटण कशासाठी आहे ते माहीत नसतं, म्हणून सांगितलं.) पण बटण उडालेलंच नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी मिक्सर पिशवीत घालून, लोकलने डोंबिवलीहून ठाण्याला सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलाने मिक्सर प्लगला लावला, चालत नाही हे पाहिलं आणि उघडूनसुद्धा न बघता निकाल दिला, "मोटर गेलीय." मोटर बदलायचे २१०० रुपये, वर मजुरी. नवा मिक्सर ३४०० ला, जुना दिला तर त्यात ५०० कमी. "मॅडम, नवीनच परवडेल." मग त्याने एक प्रश्न विचारला, "घरी कोण वापरतं? ओव्हरलोड केला असेल."

हा प्रश्न घरी येऊन मी आईला सांगायला नको होता. सांगितला. आई ७६ वर्षांची आहे. ती काही बोलली नाही. पण नंतरच्या आठवड्यात मी ऑफिसमधून लवकर आले तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसून, सांधे धरलेल्या हाताने, खलबत्त्यात लसूण-खोबरं कुटत होती. म्हणाली, "मीच त्यात खोबरं जास्त घातलं असणार गं. आता मला अंदाज राहत नाही." शेजारणीकडे वाटून आणू का, असंही तिने विचारलं. पन्नास वर्षं घर चालवलेली बाई एका न उघडलेल्या डब्यासमोर स्वतःला गुन्हेगार समजत होती.

त्या रात्री मी मिक्सर उलटा केला.

चार स्क्रू. तीन साधे फुलीचे, चौथा रबरी पायाच्या आत लपवलेला आणि त्याचं डोकं तीन कोनी. त्यासाठीचा स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या घरात असतो? कोणाच्याच नाही, म्हणूनच तो तसा असतो. बाकीच्या तिघांनी धरून ठेवायचं काम केलेलंच होतं. चौथा माझ्यासाठी होता, 'बाई, तू इथे हात घालू नकोस' हे सांगायला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात ८० रुपयांना बिटांचा एक संच मिळाला आणि तो निरोप मी परत पाठवला.

आत काय आहे? ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पाहिल्यावर भीती निम्मी होते. मध्ये फिरणारा गाभा, म्हणजे आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं एक नळकांडं, त्याला कम्युटेटर म्हणतात. बाहेरून न फिरणारी वेटोळी. आणि कम्युटेटरच्या दोन्ही अंगांना, पितळी नळीत स्प्रिंगने दाबून बसवलेले दोन काळे ठोकळे. हे कार्बन. वीज या ठोकळ्यांतून फिरत्या गाभ्यात जाते. म्हणजे मिक्सर चालताना हे दोन ठोकळे मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या तांब्यावर सतत घासत असतात. तांबं झिजू नये म्हणून कार्बन मऊ ठेवलेला असतो. तो झिजतो, आणि झिजावा म्हणूनच तिथे बसवलेला असतो.

नवा कार्बन करंगळीच्या पेराएवढा असतो. माझ्या मिक्सरमधला एक हरभऱ्याएवढा उरला होता आणि दुसरा तुरीच्या डाळीएवढा. स्प्रिंग पोचेना, म्हणून तांब्याला नीट टेकेना. थापट मारली की क्षणभर टेकायचा, म्हणून चालायचा. निळ्या ठिणग्या त्याच्याच. वेटोळी स्वच्छ होती, कुठे जळल्याची खूण नाही. मोटर गेलेली नव्हतीच.

लोहार चाळीत जुना कार्बन दाखवून नवी जोडी आणली. ४० रुपये. काळा पडलेला कम्युटेटर झिरो पेपरने हलक्या हाताने पुसला, दोन पट्ट्यांच्या फटीतला काळा चुरा लाकडी टूथपिकने काढला. एवीतेवी उघडलाच आहे म्हणून वरचा रबरी कपलरही बदलला, त्याचे दात गेले होते. (त्याचे आटे उलटे होते. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला फिरवल्यावर तो सुटतो, म्हणजे चालताना आपोआप घट्ट होत जातो. हे कळेपर्यंत मी पाऊण तास त्याच्याशी कुस्ती खेळले.) नवे कार्बन तांब्याच्या गोलाईला बसावेत म्हणून मिक्सर आधी रिकामाच, कमी वेगावर थोडा थोडा चालवला. आधी ठिणग्या उडाल्या, मग कमी झाल्या. एकूण खर्च १८० रुपये, त्यातले ८० त्या तीन कोनी स्क्रूचे. दोन संध्याकाळी मिळून साधारण अडीच तास, आमची कुस्ती धरून.

इथपर्यंत वाचून भाऊ म्हणेल, "बरं ताई, जिंकलीस. पुढे?" पुढे असं, की मला आनंदापेक्षा राग जास्त आला. तो कशाचा, हे नीट सांगायला हवं.

माझा मुद्दा मिक्सर अजिबात बिघडू नये असा नाही. वस्तू झिजणारच. पण ज्या यंत्रात एक भाग मुद्दाम झिजण्यासाठी बसवलेला आहे, त्या यंत्राबरोबर एक वचन येतं. हा भाग संपला की तुम्हाला दुसरा मिळेल आणि तो घालता येईल, हे ते वचन. पेन्सिल विकायची आणि टोक करायला बंदी करायची, असं चालेल का? स्कूटरचे ब्रेक लायनर संपले म्हणून कोणी इंजिन बदलायला सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. मिक्सरच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावतो आणि नव्याचं बिल भरतो.

हे वचन आपल्या घरांत नवं नाही. माझ्या लहानपणी गल्लीतून "पाट्याला टाकीऽऽ" अशी आरोळी यायची. पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट व्हायचं नाही. मग ती बाई अंगणात बसून छिन्नी-हातोडीने पाट्यावर नव्याने खाचा पाडून द्यायची. जात्यालाही तसंच. पातेल्यांना कल्हई. पाटा गुळगुळीत झाला म्हणून कोणी फेकला, असं कधी ऐकलंय? आणि तो गुळगुळीत झाला म्हणून कोणी आजीला विचारलं का, की तुम्ही जास्त वाटलंत का हो? वाटणारच. पाटा त्यासाठीच होता.

आणि गंमत म्हणजे आपला हा भारतीय मिक्सर जन्मालाच आला तो न झालेल्या दुरुस्तीतून. १९६३ साली मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर बंद पडला. फळं आणि मऊ पदार्थ फिरवायला केलेलं ते यंत्र, आपल्या वाटणापुढे त्याचा निभाव लागला नाही. तो इथे दुरुस्त करून मिळेना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर. त्यांनी मग आपली हळद, आपलं खोबरं, आपल्या भिजवलेल्या डाळी झेपतील असा मिक्सर स्वतःच तयार केला. तोच 'सुमीत'. आमच्या पिढीच्या कित्येक आयांनी मिक्सरला वर्षानुवर्षं सुमीतच म्हटलं. म्हणजे 'हे इथे दुरुस्त होत नाही' या उत्तराने चिडलेल्या एका घरातून हा सगळा धंदा उभा राहिला. आणि साठ वर्षांनी तेच उत्तर आपल्याला पिशवीसकट परत दिलं जातंय.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. माझी एक आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे कणीक मळायचा तो जड, उभा मिक्सर आहे. होळीला पुरणपोळ्यांची कणीक मळताना आतून खरखर आवाज आला आणि मळणीचा आकडा फिरायचा थांबला, मोटर मात्र चालूच. तिथेही सगळ्यांनी नवा घ्यायला सांगितलं. तिने उघडला, जुनं ग्रीस खरवडलं आणि आत एका दातेरी चाकाचे दात झिजून सपाट झालेले सापडले. ते चाक बाकीच्यांपेक्षा मऊ ठेवलेलं असतं. कणीक फार घट्ट झाली तर आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी, हा त्यातला हिशोब. आपल्या मिक्सरचा रबरी कपलरही तेच काम करतो. म्हणजे यंत्र करणाऱ्या इंजिनिअरने आपला विचार केलेला आहे. त्याने घरच्या बाईची चूक आधीच धरून, तिच्यासाठी एक स्वस्त भाग मरायला ठेवला आहे. त्याच्यावर माझा राग नाही, उलट त्याला नमस्कार. राग आहे तो त्याच्यानंतर आलेल्या माणसावर, ज्याने तो स्वस्त भाग विकायचा बंद केला आणि वर तीन कोनी स्क्रू मारला.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत.

"वेळेची काही किंमत आहे की नाही?" आहे ना. ठाण्याला जाऊन-येऊन, रांगेत बसून माझे चार तास गेले, आणि त्यातून मला एक चुकीचं उत्तर मिळालं. घरी अडीच तासांत बरोबर उत्तर मिळालं. शिवाय हेच लोक सेलमध्ये मिक्सर निवडायला तीन संध्याकाळी शेरे वाचत बसतात, तो वेळ कोणी मोजत नाही.

"विजेशी खेळ नको." हे शंभर टक्के मान्य. मिक्सर उघडायचा तो प्लग काढून, आणि प्लग आपल्या डोळ्यांसमोर ठेवून. उघड्या मिक्सरला वीज लावून बघायचं नाही. पातं काढताना हाताला जाड फडकं गुंडाळायचं. वायरचं आवरण जळालं असेल किंवा वेटोळ्याला करपल्याचा वास असेल तर ते जाणत्याकडेच द्यायचं. आणि मायक्रोवेव्हला घरी हात लावायचा नाही, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठलेली असू शकते. भीती असावी, पण कशाची ते माहीत असावं. सगळ्याचीच भीती घातली की माणूस लाल बटणसुद्धा दाबत नाही.

"नव्यात काहीतरी सुधारणा असते." असेल. माझ्या चटणीला ती कळलेली नाही.

"म्हणजे जुगाड!" नाही. या शब्दावर माझा विशेष राग आहे. मी दोरा बांधला नाही, चिकटपट्टी लावली नाही. जो भाग गेला होता तोच भाग, त्याच मापाचा, त्याच जागी घातला. याला दुरुस्ती म्हणतात. तिला जुगाड म्हणून टाळ्या वाजवणं हा तिचा अपमान करण्याचाच एक गोड प्रकार आहे.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो, तो मीच सांगते. सगळ्यांनी घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावं का? नाही. मला शिवण येत नाही, मी कपडे शिंप्याकडे देते. तसंच मिक्सरही देता यायला हवा. आमच्या स्टेशनजवळ एक काका होते. तीन फुटांचं दुकान, मागे लटकलेली भांडी, बुश, रबरी रिंगा. आवाज ऐकून सांगायचे, "कार्बन गेलाय, संध्याकाळी या." चार वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. मध्यंतरी भेटले तेव्हा म्हणाले, एकेका मॉडेलचा कपलर वेगळा, कंपनी सुटा भाग देत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं दीडशे रुपये मजुरी जास्त होते. त्यांचा मुलगा आता पार्सलं पोचवतो. त्यात नवे मिक्सरही असतातच. तर काकांचं दुकान एकट्या कंपन्यांनी बंद पाडलं नाही. मजुरीत वीस रुपयांची घासाघीस करणाऱ्या आपणही त्यात आहोत. मी आहे, हे लिहून ठेवते.

आणि आणखी एक गोष्ट, जी ग्रुपवर लिहायला जमली नाही. आमचा आधीचा मिक्सर बाबांनी निवृत्त झाल्यावर आईला आणून दिला होता. पुढे तो असाच मधूनच बंद पडायला लागला. निळ्या ठिणग्या, थापट मारली की सुरू. मी तो एक्सचेंजमध्ये दिला आणि ४०० रुपये सुटले म्हणून खूश झाले. बाबा तेव्हा होते. "उघडून बघू का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "कशाला बाबा, नवीनच घेऊ." हा लेख मी भावावर चिडून लिहायला घेतला खरा, पण ते वाक्य त्याच्या आधी माझं होतं.

असो. मग करायचं काय? सरकारने काहीच केलेलं नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. वस्तू किती दुरुस्त करता येते याचा निर्देशांक कसा असावा, यावर दुसऱ्या एका समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, पण त्याचा भर मोबाईलसारख्या वस्तूंवर. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून असे गुण वस्तूवर छापायला सुरुवात झाली, तिथेही पहिल्या यादीत स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र आणि गवत कापायचं यंत्र. स्वयंपाकघरातला मिक्सर त्या यादीत नाही. रोज सकाळी ज्याच्यावाचून अडतं ते यंत्र त्या यादीच्या लेखी यंत्रच नसावं. त्याच्या मागे उभी राहणारी बाई मोजताना तरी कुठे कोणी मोजते, तसंच हे.

माझ्या मागण्या फार नाहीत. कार्बन, कपलर, बुश आणि रबरी रिंग हे चार भाग मिक्सरच्या पुस्तिकेत मापासकट छापा. ते दहा वर्षं तरी दुकानात सुटे मिळू द्या. साधे स्क्रू वापरा. आणि "मोटर गेलीय" म्हणायच्या आधी एकदा उघडून बघायची तसदी घ्या. आपण ग्राहकांनी करायचं एवढंच, की दुकानात वॉटचा आकडा विचारतो तसं "याचा कार्बन सुटा मिळतो का?" हेही विचारायचं. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी दुकानदाराला उत्तर ठेवावं लागतं. आणि घराजवळ कोणी रिपेअरवाले काका अजून तग धरून असतील, तर ते मागतील ती मजुरी न कुरकुरता द्यायची.

मिक्सर झाला त्या दिवशी मी आईला ते दोन झिजलेले तुकडे हातात दिले. नवे होते तेव्हा केवढे होते तेही दाखवलं. तिने चष्मा लावून ते तळहातावर फिरवून पाहिले. "म्हणजे हे संपणारच होते?"

"संपण्यासाठीच असतात. नऊ वर्षं चालले. तू रोज वापरलास म्हणून संपले."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग ते तुकडे कागदात गुंडाळून मसाल्याच्या कपाटात ठेवले, पुन्हा आणायचे झाले तर माप असावं म्हणून. आणि मला म्हणाली, "सरक आता ओट्यापासून, सगळीकडे काळं करून ठेवलंयस. चटणी राहिलीय माझी."

तेव्हा मंडळी, सेलच्या जाहिराती पाठवणं बंद करा. पाठवायचंच असेल तर तुमच्या माळ्यावर पडलेला मिक्सर पाठवा. आणि त्याआधी एकदा उलटा करून, त्याला स्क्रू कुठले आहेत, तेवढं मला कळवा. :)